चित्र पाहणे आणि चित्र कळणे : सिंधुदुर्गातील तीन उदाहरणांच्या आधारे एक विवेचन

प्रस्तावना

मराठीच्या अभ्यासक्रमात कवितेचे रसग्रहण ही संकल्पना सर्वपरिचित आहे. कविता वाचून तिच्यातील आशय, प्रतिमा, लय, शब्दकळा यांविषयी विद्यार्थ्याने लिहावे अशी अपेक्षा असते आणि ते कसे लिहावे याचे काही ना काही मार्गदर्शन त्याला वर्गात मिळते. चित्राच्या बाबतीत अशी सोय नाही. शाळेत चित्रकलेचा तास असतो, परंतु तो चित्र काढण्यासाठी असतो, पाहण्यासाठी नसतो. महाराष्ट्र शासनाच्या कला संचालनालयाच्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट परीक्षांनी खेड्यापाड्यांतील मुलांच्या हाती रंग आणि कुंचला दिला, हे त्यांचे मोठे कार्य होय. वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र यांसाठी निरीक्षण लागतेच. तथापि, दुसऱ्याने काढलेल्या चित्रापुढे उभे राहून ते समजून घेण्याची कसोटी या परीक्षांत नसते.

याचा परिणाम असा होतो की पदवीधर, इतकेच नव्हे तर अध्यापकही, चित्रासमोर उभे राहिले की दोनच प्रश्न विचारतात : ‘हे कशाचे चित्र आहे?’ आणि ‘हे कोणी काढले?’ दोन्ही प्रश्न योग्य आहेत. परंतु ते पहिल्याच क्षणी विचारले आणि त्यांची उत्तरे शेजारच्या पाटीवर मिळाली, की पाहणे तेथेच थांबते. डोळ्यांनी करावयाचे काम पाटीने केलेले असते.

प्रस्तुत लेखाचा विषय हे राहून गेलेले काम हा आहे. दृश्यकला पाहणे ही उपजत क्षमता नसून शिकण्याची गोष्ट आहे आणि त्या शिक्षणाचा गाभा चित्र व शब्द यांच्या योग्य क्रमात आहे, असे येथे प्रतिपादन करावयाचे आहे. त्यासाठी सिंधुदुर्ग जिल्ह्याशी निगडित तीन उदाहरणे घेतली आहेत : मालवण तालुक्यातील कुडोपीची कातळशिल्पे, कुडाळ तालुक्यातील पिंगुळीची चित्रकथी आणि सावंतवाडीत जन्मलेले चित्रकार सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचे ‘ग्लो ऑफ होप’ हे जलरंगचित्र. पहिल्या उदाहरणात चित्र उरले आहे, त्याची कथा हरवली आहे. दुसऱ्यात कथा चित्रासोबतच आली आहे, पण आता ती चित्रापासून सुटत आहे. तिसऱ्यात चित्राला दुसऱ्याचेच नाव चिकटले आहे. चित्र आणि शब्द यांच्या नात्याच्या या तीन अवस्था एकाच जिल्ह्याच्या संदर्भात अभ्यासता याव्यात, हा अध्यापनाच्या दृष्टीने मोठाच योग होय.

१. पाहण्याच्या पायऱ्या

कलेतिहासाचे अभ्यासक एर्विन पॅनोफ्स्की यांनी १९३९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात चित्रार्थाचे तीन स्तर मांडले. पहिल्या स्तरावर आपण केवळ आकार, वस्तू, हालचाल आणि भाव ओळखतो. दुसऱ्या स्तरावर त्या आकारांमागील कथा, व्यक्ती, संकेत ओळखतो. तिसऱ्या स्तरावर ती कलाकृती ज्या समाजात व ज्या काळात निर्माण झाली त्याची मनोधारणा तिच्यात कशी उतरली आहे, याचा विचार करतो.

हे स्तर कोकणातील एका दृश्यावरून सहज स्पष्ट होतात. देवळाच्या सभामंडपात एक वयस्क मनुष्य हातात नारळ धरून उभा आहे, त्याच्यामागे पाच-सात माणसे हात जोडून उभी आहेत, असे छायाचित्र समोर आहे असे मानू. परप्रांतीय पाहणाऱ्याला माणसे, नारळ, जोडलेले हात आणि देऊळ दिसेल. हा पहिला स्तर. मालवणी माणूस पाहताक्षणीच म्हणेल की हे गाऱ्हाणे चालले आहे; हा दुसरा स्तर. गाऱ्हाण्यात देवापुढे एकट्याची नव्हे तर घराची, वाडीची, गावाची बाजू मांडली जाते, बोलणारा एक असला तरी होकार सर्वांचा असतो, त्यामुळे माणसांच्या उभे राहण्यातही एक समूहभाव आहे, हे ज्याच्या ध्यानात येईल तो तिसऱ्या स्तरावर पोचला असे म्हणता येईल.

येथे एक धोका संभवतो. ज्याला ‘गाऱ्हाणे’ हा शब्द ठाऊक आहे तो शब्द उच्चारून मोकळा होतो. नारळ कोणत्या हातात आहे, मागची माणसे देवाकडे पाहत आहेत की बोलणाऱ्याकडे, स्त्रिया कोठे उभ्या आहेत, उजेड कोठून येतो आहे, हे तो पाहत नाही. शब्द माहीत नसलेला परका मनुष्य कित्येकदा अधिक पाहतो. दुसरी पायरी आधी चढली की पहिली कायमची राहून जाते, ही चित्रशिक्षणातील मूळ अडचण होय.

दुसऱ्या पायरीचे महत्त्व त्यामुळे कमी होत नाही. सावंतवाडीची दशावतारी गंजिफा या पायरीचे उत्तम उदाहरण आहे. तिच्यात दहा अवतारांचे दहा संच आणि प्रत्येक संचात राजा, प्रधान व एक ते दहा अशी बारा पाने, अशी एकूण १२० पाने असतात. परशुरामाच्या संचात परशू, मत्स्याच्या संचात मासा, अशा चिन्हांवरून खेळणारा क्षणात पान ओळखतो. चिन्हांची ही भाषा आत्मसात केल्याशिवाय भारतीय चित्रशिल्पांत प्रवेश मिळत नाही. मात्र चिन्ह ओळखणे म्हणजे चित्र पाहणे नव्हे. डाव जिंकण्यासाठी चिन्ह पुरते, पानावरचा तो मासा चित्रकाराने किती मोजक्या रेषांत वळवला आहे हे पाहण्यासाठी डाव क्षणभर थांबवावा लागतो.

भारतीय परंपरेतही पाहण्याच्या शिक्षणाचा विचार झालेला आहे. यशोधराने ‘कामसूत्रा’वरील ‘जयमंगला’ टीकेत रूपभेद, प्रमाण, भाव, लावण्ययोजन, सादृश्य आणि वर्णिकाभंग ही चित्राची सहा अंगे सांगितली आहेत. ही अंगे चित्रकारासाठी जितकी, तितकीच पाहणाऱ्यासाठीही उपयुक्त आहेत. ‘विष्णुधर्मोत्तर पुराणा’च्या चित्रविषयक भागात भिन्न वृत्तीचे लोक चित्रात भिन्न गोष्टींना दाद देतात, कोणी रेषेला, कोणी छटांना, कोणी अलंकरणाला तर कोणी रंगाला, असा विचार येतो. पाहणाऱ्याच्या तयारीनुसार चित्र कमी-अधिक दिसते, ही जाणीव त्यामागे आहे. त्याच ग्रंथात राजा वज्राला मार्कंडेय ऋषी असे समजावतात की मूर्ती कळण्यासाठी चित्र, चित्र कळण्यासाठी नृत्य, आणि नृत्य कळण्यासाठी वाद्य व गायन जाणले पाहिजे. चित्राला गाण्याशी जोडणारा हा विचार पिंगुळीच्या संदर्भात पुन्हा ध्यानात घ्यावा लागेल.

२. कुडोपी : कथा हरवलेले चित्र

कोकणातील जांभ्या दगडाच्या सड्यांवर कोरलेली कातळशिल्पे गेल्या काही दशकांत अभ्यासकांच्या दृष्टीस आली. मालवण तालुक्यातील कुडोपी येथील शिल्पांकडे सतीश लळीत यांनी अभ्यासकांचे लक्ष वेधले. २०२२ मध्ये कोकणातील कातळशिल्पांच्या नऊ स्थळांचा युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत समावेश झाला. त्यांत सिंधुदुर्गातील कुडोपी हे एकमेव स्थळ आहे. स्थानिक लोक या जागेला ‘बाहुल्यांचे टेंब’ म्हणतात. ही शिल्पे नेमकी कोणत्या काळातील व कोणत्या हेतूने कोरलेली आहेत याविषयी अभ्यासकांत एकमत झालेले नाही.

पाहण्याच्या शिक्षणाची सुरुवात येथून करणे अनेक कारणांनी योग्य ठरते. पहिले कारण असे की येथे ‘कशाचे चित्र?’ या प्रश्नाला तयार उत्तर नाही. मानवाकृती ओळखता येतात, परंतु त्यांच्याभोवतीच्या कित्येक भौमितिक आकृतींचा उलगडा होत नाही. पाटीचा आधार नसल्याने पाहणाऱ्याला पहिल्या पायरीवर थांबणे भाग पडते. रेषा किती खोल आहे, ती कोठे वळते, दोन आकृतींमध्ये किती जागा सोडली आहे, आकृती परस्परांना छेदतात की टाळतात, असे प्रश्न येथे आपोआप पुढे येतात.

दुसरे कारण पाहणाऱ्याच्या शरीराशी संबंधित आहे. भिंतीवरील चित्रापुढे आपण स्थिर उभे राहतो. त्याला वर-खाली, डावे-उजवे ठरलेले असते. कातळशिल्प जमिनीवर पसरलेले असते. त्याला एकच एक माथा नाही. भोवती चालत गेल्याशिवाय ते दिसत नाही आणि मोठी आकृती तर एका नजरेत मावतच नाही. शिवाय उजेडानुसार ते बदलते. कोरीव रेषा उथळ असल्याने भर दुपारच्या डोक्यावरील उन्हात ती जवळजवळ नाहीशी होते. सकाळी किंवा सायंकाळी तिरप्या उन्हात रेषेच्या एका काठाची सावली पडते आणि आकृती उमटून येते. पावसाळ्यात सड्यावर गवत माजते आणि रेषांत पाणी साचते. तेव्हा चित्र पाहणे म्हणजे कोठे, केव्हा आणि कोणत्या उजेडात उभे राहायचे हे ठरवणे होय, हा धडा येथे पायांनी शिकता येतो.

‘बाहुल्या’ हे स्थानिक नावही विचार करण्यासारखे आहे. ज्यांची कथा कोणालाच सांगता येत नाही अशा आकृतींना गावाने नाव दिले ते बाहुल्यांचे. हे नाव कोणताही इतिहास सांगत नाही. ते केवळ आकाराचे वर्णन करते. अनुमानाच्या आधी वर्णन करावे, हा अभ्यासाचा नियम गावकऱ्यांच्या भाषेने नकळत पाळला आहे. याउलट एखाद्या आकृतीत आधुनिक यंत्र किंवा परग्रहावरील जीव पाहणारा हौशी पर्यटक पहिली पायरी गाळून थेट तिसरीवर उडी घेत असतो.

या शिल्पांच्या बाबतीत न पाहण्याची किंमतही स्पष्ट आहे. कोकणातील सड्यांवर चिरेखाणी, रस्ते आणि बांधकामे वाढत आहेत. जमिनीवरची रेष ज्याला ओळखू येत नाही, त्याच्या लेखी सडा हा केवळ मोकळा दगड असतो. संरक्षणाचा कायदा पुढे येतो. त्याआधी कोणाच्या तरी डोळ्यांनी ती रेष पाहिलेली असावी लागते.

३. पिंगुळी : कथेसह आलेले चित्र

चित्र दाखवीत कथा सांगणाऱ्यांची परंपरा महाराष्ट्रात जुनी आहे. बाराव्या शतकातील चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याच्या ‘मानसोल्लास’ या ग्रंथात चित्रकथीचा उल्लेख येतो. ही परंपरा आज ज्या गावाच्या नावाने ओळखली जाते ते पिंगुळी हे कुडाळनजीकचे गाव होय. येथील ठाकर समाजाने चित्रकथी, कळसूत्री बाहुल्या आणि चामड्याच्या बाहुल्यांचा छायाखेळ या कला पिढ्यान्‌पिढ्या सांभाळल्या. सावंतवाडी संस्थानचा या कलांना आश्रय होता. परशुराम विश्राम गंगावणे यांनी पिंगुळीतील गुढीपूर येथे ‘ठाकर आदिवासी कला आंगण’ हे संग्रहालय उभे केले. २०२१ मध्ये त्यांना पद्मश्री जाहीर झाली. या शैलीशी नाते सांगणारी चित्रे पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात असून ती ‘पैठण चित्रे’ या नावाने ओळखली जातात. व्हॅलेंटिना स्टाख-रोझेन यांच्यासारख्या परदेशी अभ्यासकांनीही पिंगुळीच्या चित्रांतील कथनाचा विचार केला आहे.

एका आख्यानाच्या चित्रसंचाला ‘पोथी’ म्हणतात. एका पोथीत साधारणतः ३० ते ५० चित्रे असतात. हा शब्द महत्त्वाचा आहे. पोथी ही वाचावयाची वस्तू आहे. तिला क्रम असतो, आरंभ आणि समाप्ती असते. चित्रांच्या गठ्ठ्याला पोथी म्हणणाऱ्या परंपरेत चित्र हे वाचनाचे साधन आहे, हे गृहीतच धरलेले आहे. सादरीकरणात चित्र प्रेक्षकांसमोर उभे केले जाते, वीणा, हुडूक, टाळ यांच्या साथीने कथा गायली व सांगितली जाते, एक प्रसंग संपला की पुढचे चित्र येते. रामायण-महाभारतातील आणि लोकपरंपरेतील आख्याने अशा रीतीने मांडली जात.

आता या चित्रांचे रूप पाहू. आकृतींची बाह्यरेषा ठळक असते. चेहरे बहुधा एका बाजूने दाखवलेले आणि डोळे मात्र मोठे, विस्फारलेले असतात. रंग सपाट भरलेले असतात. छायाप्रकाशाने गोलाई दाखविण्याचा प्रयत्न नसतो. दूरची वस्तू लहान आणि जवळची मोठी, हा यथार्थदर्शनाचा नियम येथे नाही. पार्श्वभूमी जवळजवळ मोकळी असते आणि माणसे कागदाचा बहुतेक भाग व्यापतात. दोन पक्ष समोरासमोर असतात आणि त्यांच्या हातांच्या मुद्रांतून संवाद सूचित होतो.

पाश्चात्त्य वास्तववादी चित्राच्या मोजपट्टीने पाहणारा या वैशिष्ट्यांना उणिवा समजतो. ‘त्यांना चेहरा समोरून काढता येत नव्हता’, ‘त्यांना अंतर दाखवता येत नव्हते’ अशी विधाने सुशिक्षितांच्या तोंडून ऐकू येतात. त्याऐवजी हे चित्र कोणी, कोठून, कोणत्या उजेडात पाहायचे होते, असा प्रश्न केला तर प्रत्येक उणीव ही एक निवड होती असे दिसू लागते. देवळाच्या मंडपात दिव्याच्या उजेडात, काही हातांच्या अंतरावर बसलेल्या समूहाला हे चित्र दिसायचे होते. तेथे सूक्ष्म छटा हरवल्या असत्या. ठळक रेषा आणि सपाट रंग पोचतात. मोठा डोळा दुरूनही ‘हा कोणाकडे पाहतो आहे’ हे सांगतो, आणि कथेत तेच महत्त्वाचे असते. बाजूने दाखवलेला चेहरा समोरच्या पात्राकडे वळलेला असतो. चेहरा प्रेक्षकाकडे वळवला तर दोन पात्रांतील ताण तुटतो. शिवाय याच समाजाच्या चामड्याच्या बाहुल्यांचा विचार केला, तर छायाखेळात बाजूची आकृतीच सर्वांत स्पष्ट उमटते हे ध्यानात येते आणि दोन कलांमधील शैलीचे नाते उलगडू लागते.

पार्श्वभूमी मोकळी का, याचे उत्तर तर गायनातच आहे. अरण्य, रात्र, पाऊस, युद्धाचा कोलाहल या गोष्टी कथेकरी शब्दांनी व सुरांनी उभ्या करतो. चित्राने सर्व सांगितले असते तर गाण्याला जागा उरली नसती. चित्रातील मोकळी जागा ही शब्दासाठी राखून ठेवलेली जागा आहे. ‘विष्णुधर्मोत्तरा’तील चित्र आणि गायन यांचा संबंध येथे कोणत्याही तत्त्वचर्चेविना प्रत्यक्ष दिसतो.

येथेच चित्रकथीतील कथेकऱ्याचे दुसरे कार्य लक्षात येते. तो कथा सांगतो, त्याचबरोबर पाहायलाही शिकवतो. प्रसंग चालू असेपर्यंत चित्र समोरच राहते. शब्द पुढे सरकतात, चित्र थांबलेले असते, आणि प्रेक्षकाची नजर शब्दांबरोबर त्याच चित्रात पुन्हा पुन्हा फिरते : आधी राजाकडे, मग त्याच्या उगारलेल्या हाताकडे, मग समोरच्या झुकलेल्या मानेकडे. अक्षरओळख नसलेल्या प्रेक्षकालाही एका चित्रात बराच वेळ रमण्याची सवय या परंपरेने लावली होती. कलास्वाद ही शहरी, उच्चभ्रू हौस आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हा इतिहास विचारात घ्यावा.

आज परिस्थिती बदलली आहे. करमणुकीची साधने वाढली, रात्रभर चालणाऱ्या आख्यानाला श्रोता उरला नाही. त्याच वेळी चित्रकथीच्या चित्रांना मात्र ओळख आणि मागणी मिळू लागली. एकेक चित्र चौकटीत बसवून विकले जाते, भिंतीवर लागते, भेटकार्डांवर छापले जाते. कलावंताच्या घरी त्यामुळे चार पैसे येतात आणि परंपरा तगून राहते; त्याविषयी नाक मुरडण्याचा अधिकार कोणालाही नाही. परंतु एक पान पोथीतून सुटते तेव्हा त्याचे मागचे आणि पुढचे पान तुटते, गाणे तुटते, आणि उरते ती ‘लोककलेचा सुंदर नमुना’ ही एवढीच ओळख. घेणाऱ्याला चित्रातील पुरुष कोण, तो कोणावर रागावला आहे, पुढे काय होणार आहे, हे ठाऊक नसते. चित्र टिकते, पण त्याचा वाचक नाहीसा होतो. कुडोपीच्या आकृतींचे काही हजार वर्षांत झाले तेच पिंगुळीच्या चित्राचे दोन-तीन पिढ्यांत होऊ शकते. फरक एवढाच की येथे कथा सांगणारे कंठ अजून हयात आहेत.

४. हळदणकर : दुसऱ्याच्या नावाने ओळखले गेलेले चित्र

सावळाराम लक्ष्मण हळदणकर यांचा जन्म १८८२ मध्ये सावंतवाडी येथे झाला. मुंबईच्या सर ज. जी. कलाशाळेत त्यांचे शिक्षण झाले. १९०८ मध्ये त्यांनी मुंबईत स्वतःची कलाशिक्षणसंस्था सुरू केली आणि १९१८ मध्ये स्थापन झालेल्या ‘आर्ट सोसायटी ऑफ इंडिया’च्या संस्थापकांत ते होते. १९६८ मध्ये त्यांचे निधन झाले. तैलरंग आणि जलरंग या दोन्ही माध्यमांवर त्यांचे प्रभुत्व होते. ‘ग्लो ऑफ होप’ हे त्यांचे १९४० च्या दशकातील जलरंगचित्र म्हैसूरच्या जगनमोहन राजवाड्यातील चित्रसंग्रहात आहे.

हे चित्र छापील रूपात असंख्य घरांत पोचले. एका हातात दिवा घेतलेली आणि दुसऱ्या हाताने ज्योतीला आडोसा करणारी ही स्त्री पाहिली नाही असा मनुष्य विरळा. परंतु ते कोणाचे, असे विचारले तर पुष्कळदा उत्तर येते : राजा रविवर्म्याचे. ही चूक इतकी रूढ आहे की हळदणकरांच्या जन्मभूमीतही ती कानी पडते.

चूक कशी होते, हे पाहणे उद्‌बोधक आहे. साडी नेसलेली देखणी स्त्री, वास्तववादी शैली आणि घरोघरी पोचलेली छापील प्रत, हे तीन धागे जुळले की मनात तयार असलेले सर्वांत प्रसिद्ध नाव जिभेवर येते. हे ओळखणे आहे, पाहणे नव्हे. रविवर्मा यांचे निधन १९०६ मध्ये झाले, ही माहिती वाद मिटवते. परंतु माहितीच्या आधी डोळ्यांनीही शंका घ्यायला हवी होती. रविवर्मा प्रामुख्याने तैलरंगाचे चित्रकार आणि त्यांच्या पुष्कळ प्रसिद्ध चित्रांत पुराणकथा, दागदागिने, रंगमंचासारखी मांडणी यांना महत्त्व आहे. येथे कथा नाही, दुसरे पात्र नाही, प्रसंग नाही. चित्राचा खरा विषय आहे उजेड.

तो उजेड कसा साधला आहे, याकडे लक्ष दिले की चित्रकाराची जात कळू लागते. प्रकाशाचा उगम चित्राबाहेर नाही, चित्रातच आहे. चेहरा खालून उजळतो. ज्योतीपुढे धरलेल्या बोटांच्या कडांतून प्रकाश तांबूस होऊन झिरपतो. हात एकाच वेळी उजेड अडवतो आणि दाखवतोही. ज्योतीपासून दूर जावे तसे रंग निवत जातात. तैलरंगात गडद रंगावर नंतर फिका रंग चढवून उजेड आणता येतो. पारदर्शक जलरंगात ती सोय नाही. तेथे सर्वांत लख्ख उजेड म्हणजे बहुतांशी कागदाचा स्वतःचा पांढरेपणा. म्हणजे कोठे रंग लावायचा नाही, हे चित्रकाराला आरंभीच ठरवावे लागते आणि चूक झाल्यास दुरुस्तीला फारसा वाव नसतो. एवढे जाणून पुन्हा चित्राकडे पाहिले, की ‘किती हुबेहूब’ या उद्‌गाराच्या जागी वेगळे कौतुक येते.

पिंगुळीचे चित्र आणि हळदणकरांचे चित्र शेजारी ठेवले तर दोन्ही अधिक स्पष्ट होतात. एकात रेषा बोलते, दुसऱ्यात रेषा उजेडात विरघळते. एकातील डोळा समोरच्या पात्राकडे पाहतो, दुसऱ्यातील स्त्री आपल्याच दिव्याच्या उजेडात मग्न आहे. एक समूहाने, गाण्यासह, क्रमाने पाहावयाचे. दुसरे एकट्याने, शांतपणे, एकाच दृश्यात. एकाची मोजपट्टी दुसऱ्याला लावली की दोन्हींवर अन्याय होतो. या तुलनेत श्रेष्ठ-कनिष्ठ असा प्रश्नच उद्‌भवत नाही.

५. अध्यापनातील उपयोजन

हे शिक्षण देण्यासाठी स्वतंत्र कलाविभाग असलाच पाहिजे असे नाही. मराठी, इतिहास, समाजशास्त्र, भूगोल, इतकेच नव्हे तर विज्ञान शाखेच्या अध्यापकालाही एका तासिकेत ते करता येईल. अमेरिकेतील येल विद्यापीठात वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना संग्रहालयातील चित्रांचे वर्णन करायला लावून त्यांची निरीक्षणशक्ती तपासण्यात आली आणि रुग्णाच्या बाह्य लक्षणांचे निरीक्षण त्यामुळे सुधारते, असा निष्कर्ष २००१ मध्ये प्रसिद्ध झाला. चित्र पाहण्याचा सराव चित्रापुरता राहत नाही, असा याचा अर्थ होतो.

वर्गात पुढील क्रम अवलंबिता येईल. प्रथम चित्राचे नाव, चित्रकार, काळ यांपैकी काहीही न सांगता पाच मिनिटे केवळ पाहू द्यावे. हा काळ विद्यार्थ्यांना दीर्घ वाटतो आणि तसा तो वाटलाच पाहिजे. त्यानंतर काय दिसते ते सांगायला लावावे. ‘सुंदर’, ‘छान’, ‘भावपूर्ण’ हे शब्द तूर्त वर्ज्य ठेवावेत. प्रत्येक विधानावर ‘कशावरून?’ हा एकच प्रश्न विचारावा. ‘ती दुःखी आहे’ असे विद्यार्थी म्हणाला तर मान, पापणी, हात यांपैकी कशात ते दिसते हे त्याने दाखवावे. त्यानंतर दुसरे चित्र शेजारी ठेवून तुलना करावी. माहिती सर्वांत शेवटी द्यावी आणि ती दिल्यावर पुन्हा एकदा चित्राकडे वळावे. हे पुन्हा वळणे फार आवश्यक आहे. एरवी माहिती म्हणजे चित्राचा समारोप ठरतो.

क्षेत्रभेटीच्या बाबतीतही काही पथ्ये पाळावी लागतील. कुडोपीला पावसाळा टाळून, सकाळी लवकर किंवा सायंकाळी जावे; रेषांवर चालू नये, त्यांत खडू अथवा रंग भरू नये. पिंगुळीला गेल्यास सुटे चित्र पाहून परतू नये. एका पोथीतील सलग काही चित्रे गायनासह पाहण्याची विनंती करावी आणि कलावंताला त्याच्या वेळेचे व श्रमाचे मानधन द्यावे. हळदणकरांचे चित्र वर्गात दाखवताना ते मूळ चित्र नसून त्याची प्रत आहे, आकार आणि छटा दोन्ही बदललेल्या आहेत, हे सांगावे. भ्रमणध्वनीने छायाचित्र घेण्यास हरकत नाही. मात्र ते पाहून झाल्यावर घ्यावे, पाहण्याऐवजी नव्हे.

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये कला आणि भारतीय ज्ञानपरंपरा यांवर भर दिला गेला आहे. त्याचे पालन म्हणून भिंतीवर एक चित्रकथी लावणे सोपे आहे. ती वाचता येणारे चार विद्यार्थी घडवणे हे त्या धोरणाचे खरे पालन ठरेल.

निष्कर्ष

१. दृश्यकला पाहणे ही अभ्यासाने येणारी क्षमता आहे. वर्णन, ओळख आणि अर्थ हा तिचा क्रम असून, ओळख आधी झाल्यास वर्णन राहून जाते.

२. शब्द हा चित्राचा शत्रू नव्हे. कुडोपीत शब्द नसल्याने अर्थ अपुरा राहतो, हळदणकरांच्या चित्रात चुकीच्या शब्दाने चित्र झाकले जाते, तर चित्रकथीत योग्य जागी आलेला शब्द चित्र उघडून दाखवतो. प्रश्न शब्द केव्हा आणि किती यावा, एवढाच आहे.

३. एखाद्या शैलीची वैशिष्ट्ये तिच्या प्रेक्षकाच्या, उजेडाच्या आणि अंतराच्या संदर्भात पाहिली असता, ज्यांना उणिवा म्हटले जाते त्या सहेतुक निवडी असल्याचे दिसून येते.

४. कलेच्या जतनात वस्तूचे जतन आणि पाहणाऱ्याचे जतन अशी दोन अंगे आहेत. संग्रहालये, पुरस्कार आणि वारसायाद्या पहिले अंग सांभाळतात. दुसरे सांभाळण्याची जबाबदारी शिक्षणसंस्थांवर येते.

सिंधुदुर्गातील महाविद्यालयांपासून ही तीनही उदाहरणे दूर नाहीत. कुडोपीचा सडा आणि पिंगुळीचे आंगण तालुक्याच्या अंतरावर आहेत आणि हळदणकरांच्या चित्राची छापील प्रत कित्येक घरांच्या भिंतीवर आहे. पिंगुळीत पोथी उलगडून गाणारी मंडळी आजही आहेत. ती ऐकत असताना जो विद्यार्थी एका चित्रावर शेवटपर्यंत नजर ठेवील, त्याला पुढे अजिंठ्यात किंवा कोणत्याही कलादालनात पाटी शोधण्याची घाई होणार नाही.